रेक्याविकमधला दुसरा माणूस

अमेरिकन बुद्धिबळपटू बॉबी फिशरवर चित्रपट काढायचा म्हटल्यावर तो फिशरचाच असणार, हे उघड आहे. एडवर्ड झ्विक यांनी दिग्दर्शित केलेला 'पॉन सॅक्रिफाइस' २०१४ साली टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लागला. टोबी मग्वायर त्यात फिशर झाला आहे आणि लिएव्ह श्रायबर त्याचा सोव्हिएत प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्की. ब्रुकलिनमधल्या एका एकलकोंड्या मुलापासून १९७२ साली आइसलँडच्या रेक्याविकमध्ये झालेल्या बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंतची ही कथा आहे, आणि अमेरिका व सोव्हिएत संघ यांचे शीतयुद्ध तिच्या मागे सतत खदखदत ठेवलेले आहे. मी चित्रपट पाहायला बसलो तो फिशरसाठी. पाहून झाल्यावर डोक्यात घोळत राहिला तो मात्र स्पास्की. नंतर या लढतीविषयीचे जुने वाचन पुन्हा चाळले, काही डाव पटावर मांडून पाहिले, आणि तसतसे मत पक्के होत गेले की या कथेत विचार करायला लावणारा माणूस समोरच्या खुर्चीत बसलेला आहे. चित्रपटालाही ते जाणवलेले दिसते, पण त्या माणसासाठी थांबायला त्याच्याकडे सवड नाही.

फिशरच्या बाजूने पाहायचे तर पहिला भाग चांगला जमला आहे. बॉबीची आई रेजिना झुरिकमध्ये जन्मली, अमेरिकेत वाढली, मॉस्कोत वैद्यकशास्त्र शिकली, अनेक भाषा बोलत असे आणि डाव्या विचारांच्या मंडळींत तिची ऊठबस असे. पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेत संशयाला एवढे पुरेसे होते. एफबीआय या अमेरिकन तपासयंत्रणेने तिच्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवली. तिच्या नावाची शेकडो पानांची फाइल कितीतरी काळाने उजेडात आली. जन्मदाखल्यावर वडील म्हणून ज्यांचे नाव होते ते हान्स-गेरहार्ट फिशर मुलाच्या आयुष्यात कधी आलेच नाहीत, आणि त्याच सरकारी कागदांवरून त्याचे खरे वडील पॉल नेमेन्यी हे हंगेरियन शास्त्रज्ञ असावेत, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपला बाप कोण याचा सुगावा ज्या घरात लागत नव्हता, त्या घराची नोंद हेरखात्याच्या दप्तरात व्यवस्थित होत होती. चित्रपटातली आई मुलाला बजावते की बाहेरचे लोक आपल्यावर लक्ष ठेवून आहेत, आणि ते खरोखरच ठेवून असतात. पुढे हाच मुलगा खोलीतले टेलिफोन उघडून आत दडवलेली यंत्रे शोधू लागतो, तेव्हा आपल्याला हसू येत नाही. लहानपणी ज्याची भीती खरी ठरली होती, त्याला मोठेपणी खोटी भीती ओळखायला शिकवणार कोण, हा प्रश्न चित्रपट न बोलता विचारतो.

मग्वायरचा अभिनय कानांत आणि डोळ्यांत आहे. खोकला, खुर्चीची करकर, कॅमेऱ्याची घरघर हे आवाज आपल्याला फिशरच्या कानांनी ऐकवले जातात, आणि थोड्या वेळाने आपणही अस्वस्थ होतो. फिशर सहा फुटांहून उंच, लांब हातापायांचा आणि ढांगा टाकत चालणारा. मग्वायर त्या मानाने ठेंगणा. पटावर झुकलेल्या त्या लांब बोटांच्या फिशरची जुनी छायाचित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे थोडे खटकेल. मला ते पहिली काही मिनिटेच खटकले.

फिशरने काय करून दाखवले होते, हे मात्र चित्रपट फार भराभर सांगतो. १९४९ साली थोरली बहीण जोन हिने दुकानातून एक स्वस्तातला पट आणला, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये, तेराव्या वर्षी, डोनाल्ड बर्नविरुद्ध त्याने वजीर देऊन जिंकलेला डाव आजही पुस्तकांतून शिकवला जातो. चौदाव्या वर्षी तो अमेरिकेचा विजेता झाला आणि पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर. १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत त्याने अकराच्या अकरा डाव जिंकले. पुढे १९७१ मध्ये व्हँकुव्हरला सोव्हिएत संघाच्या मार्क तायमानोव्हला ६-०, डेन्व्हरला बेंट लार्सनला ६-०, आणि त्यानंतर ब्युनोस आयर्समध्ये माजी जगज्जेत्या पेट्रोस्यानला साडेसहा-अडीच. या पातळीवर निम्म्याहून अधिक डाव बरोबरीत सुटत असताना सलग दोन सामने एकही अर्धा गुण न देता जिंकणे म्हणजे काय, हे बुद्धिबळ न खेळणाऱ्याला समजावून सांगणे कठीण आहे. चित्रपटाने त्यासाठी वर्तमानपत्रांचे मथळे वापरले आहेत. सोय म्हणून ठीक, पण मथळ्यांत खेळ दिसत नाही.

प्रतिभा आणि वेड यांचे एक जुने समीकरण चित्रपटसृष्टीला फार प्रिय आहे, आणि हा चित्रपटही त्यातून सुटलेला नाही. असाधारण बुद्धी असली की माथे फिरणारच, किंबहुना माथे फिरलेले असल्याशिवाय अशी बुद्धी येतच नाही, असा एक सूर त्यात लागतो. हे समीकरण मला मान्य नाही. त्याच काळातल्या त्याच पातळीच्या माणसांकडे पाहावे. माजी जगज्जेता बॉटविनिक हा विद्युत अभियंता, सकाळच्या व्यायामापासून डावाच्या टिपणांपर्यंत घड्याळाबरहुकूम वागणारा. दुसरा माजी जगज्जेता स्मिस्लॉव्ह, त्याचा आवाज इतका तयार होता की त्याने मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहात गायक म्हणून निवडीसाठी चाचणी दिली होती. तायमानोव्ह व्यावसायिक पियानोवादक. ही सारी बुद्धिबळात बुडालेली आणि तरीही घरी जाऊन जेवणारी माणसे होती. उलट फिशरच्या आयुष्यात आजाराचा स्पर्श न झालेली जागा कोणती असेल तर ती पटाचीच. त्याचे डाव विलक्षण स्वच्छ आहेत. त्यांत चमत्कृतीचा सोस नाही, धुके नाही, साध्या चालींची रांग लावून तो जिंकतो. त्याला वेडा म्हणणाऱ्यांनी एकदा त्याच्या डावांचे हत्ती-प्यादी उरलेले शेवट पाहावेत.

इथेच चित्रपट मला कमी पडलेला वाटतो, आणि तो कमी का पडतो हेही समजते. दोन माणसे चार-पाच तास न बोलता बसतात, अधूनमधून एखादी सोंगटी सरकते. यातून पडद्यावर नाट्य कसे उभे करायचे? मग सोंगट्या आपटल्या जातात, घड्याळावर हात पडतो, संगीत चढते, प्रेक्षकांत कोणीतरी श्वास रोखतो. चित्रपटाने उत्कर्षबिंदू म्हणून २३ जुलै १९७२ रोजी झालेला सहावा डाव घेतला आहे. निवड उत्तम आहे, फक्त तो डाव ज्या गोष्टीसाठी मोठा आहे तीच त्या धावपळीत हरवली आहे.

माझ्या वडिलांना बुद्धिबळाचे वेड होते. आमच्या घरात जुने लोक देशी नियमांनी खेळत, म्हणजे प्यादे सुरुवातीलाही एकच घर चालायचे आणि राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. आंतरराष्ट्रीय नियम वडिलांनी स्वतः शिकून घेतले होते. १९७२ च्या त्या पावसाळ्यात वर्तमानपत्रात येणाऱ्या डावांच्या चाली ते एका पाठकोऱ्या वहीत उतरवून घेत, 'पी-के फोर' अशा त्या वेळच्या जुन्या पद्धतीने. दुसऱ्या डावाच्या पानावर चाल नाही. 'फिशर आला नाही' एवढेच शाईने लिहिलेले आहे. चित्रपट पाहिल्यावर मी ती वही काढून सहावा डाव मांडला.

फिशर आयुष्यभर जवळजवळ नेहमी राजापुढचे प्यादे दोन घरे सारून डाव सुरू करत आला होता, आणि तीच सर्वोत्तम सुरुवात असल्याचे जाहीरपणे सांगत आला होता. त्या दिवशी त्याने वजिराच्या बाजूच्या उंटापुढचे प्यादे सरकवले. पुढे डाव फिरत फिरत अशा रचनेत शिरला की जी स्पास्की स्वतः काळ्याकडून हौसेने खेळत असे. म्हणजे त्याच्या घरात जाऊन त्याच्याशी खेळायचे फिशरने ठरवले होते. सव्विसाव्या चालीला फिशरने राजाच्या बाजूची एक उभी पट्टी उघडली आणि त्यावर आपले दोन्ही हत्ती आणले. त्याचे एक प्यादे थेट सहाव्या रांगेत जाऊन काळ्याच्या गळ्यात अडकले. बत्तिसाव्या चालीपासून पुढे काळ्याचा वजीर काय करतो ते पाहावे: एक घर उजवीकडे, एक घर डावीकडे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. सलग पाच चाली. स्पास्कीपाशी दुसरे काही करण्यासारखे उरलेलेच नाही. कोणतीही दुसरी सोंगटी हलली तर भिंत पडते. आणि या पाच चालींत फिशर काय करतो? पलीकडच्या कडेचे प्यादे पुढे सारतो. हत्ती एक घर पुढे घेतो, मग आणखी एक घर पुढे. उंट जरा बाजूला नेतो. वजीर मध्यावर आणतो. एकही शह नाही, एकही मारामारी नाही. समोरचा माणूस गुदमरतो आहे हे ठाऊक असताना तो दार अधिक घट्ट लावून घेतो आहे. मग अडतिसाव्या चालीला हत्ती घोड्यावर पडतो आणि तीन चालींनंतर स्पास्की डाव सोडतो. त्या पाच चालींतला संथपणा हाच या डावाचा प्राण आहे. चित्रपटात नेमका तिथेच वेग वाढतो.

आता राजकारण. फिशर रेक्याविकला जायलाच तयार नव्हता. २ जुलैला सुरू व्हायची लढत त्याच्या पैशांच्या आणि व्यवस्थेच्या मागण्यांमुळे ११ जुलैपर्यंत लांबली. जिम स्लेटर या लंडनच्या धनिकाने स्वतःच्या खिशातून भर घालून सव्वा लाख डॉलरची बक्षिसाची रक्कम दुप्पट केली. अमेरिकेच्या अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांनी फिशरला फोन करून देशासाठी जा म्हणून गळ घातली. चित्रपट हे सगळे शीतयुद्धाच्या पेटलेल्या आघाडीसारखे रंगवतो. प्रत्यक्षात ते वर्ष वितळण्याचे होते. मे महिन्यात निक्सन मॉस्कोला जाऊन आले होते आणि २६ मे रोजी ब्रेझनेव्ह यांच्यासह अण्वस्त्रांना मर्यादा घालणाऱ्या करारांवर सह्या करून आले होते. त्या भेटीमागचे मुख्य डोके किसिंजर यांचेच. सात आठवडे उलटायच्या आत तेच किसिंजर एका बुद्धिबळपटूला रशियनांवर चाल करून जायला सांगत होते. दोन महासत्तांना खरे भांडण नको असताना भांडणाची हौस भागवायला पट मिळाला होता, असे मला वाटते; चौसष्ट घरांवर कोणी हरले तर क्षेपणास्त्र सुटत नाही. हा विरोधाभास चित्रपटाने हाताळला असता तर त्याचे राजकारण अधिक रसरशीत झाले असते.

सोव्हिएत संघासाठी मात्र हा करमणुकीचा मामला नव्हता. विसाच्या दशकापासून तिथे बुद्धिबळ हे सरकारी काम होते. शाळा, मंडळे, पगारी प्रशिक्षक, मासिके अशी सगळी यंत्रणा उभी होती. १९४८ पासून जगज्जेतेपद देशाबाहेर गेलेले नव्हते: बॉटविनिक, स्मिस्लॉव्ह, ताल, पेट्रोस्यान, स्पास्की. १९६२ मध्ये कुरासाओच्या स्पर्धेत पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर या तिघा सोव्हिएत खेळाडूंनी आपापसांतले बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले, तेव्हा एकोणीस वर्षांच्या फिशरने रशियनांनी संगनमत केल्याचा जाहीर आरोप केला. त्याच्या बाकीच्या आरोपांसारखा हा हवेतला नव्हता. पुढे फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेने जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या उमेदवारांच्या स्पर्धेची पद्धतच बदलली आणि त्याजागी एकास एक सामने आणले.

या यंत्रणेत हरणे म्हणजे काय, हे पाहायचे तर तायमानोव्हकडे पाहावे लागते. व्हँकुव्हरहून ६-० असा पराभव घेऊन तो परतला, तेव्हा विमानतळावर त्याच्या सामानाची कसून झडती झाली आणि सरकारच्या रोषाला पात्र झालेला लेखक सोल्झेनित्सिन याचे एक पुस्तक सापडले. एवढे निमित्त पुरले. त्याचे मानधन बंद झाले आणि परदेश प्रवास थांबला. त्या काळात एक विनोद फिरत होता: ऐकलेत का, सोल्झेनित्सिन अडचणीत आला आहे, त्याच्याकडे निम्झो-इंडियन या डावाच्या सुरुवातीवरचे तायमानोव्हचे पुस्तक सापडले! थोड्याच दिवसांत लार्सनही तितक्याच फरकाने हरला आणि तायमानोव्हने मुद्दाम डाव सोडले नव्हते हे अधिकाऱ्यांना पटायला थोडी मदत झाली. चित्रपटाचे नाव प्याद्याच्या बळीवरून घेतलेले आहे आणि बळी गेलेले प्यादे फिशर, असे तो सुचवतो. मला हे पटत नाही. फिशरला कोणी हलवू शकले नाही. ज्याने ज्याने त्याला हलवायचा प्रयत्न केला तो दमला. किंमत मोजली ती समोरच्या बाजूच्या माणसांनी.

म्हणून स्पास्की. त्याचा जन्म १९३७ चा, लेनिनग्राडचा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वेढ्याच्या काळात लहान मुलांना शहराबाहेर हलवण्यात आले, त्यांत तो होता, आणि त्या निर्वासित दिवसांतच तो बुद्धिबळ शिकला. दहाव्या वर्षी एकाच वेळी अनेकांशी खेळणाऱ्या बॉटविनिकला त्याने हरवले. १९६६ साली तो पेट्रोस्यानकडून हरला, १९६९ मध्ये पुन्हा भिडून जगज्जेता झाला. तो कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य कधीच झाला नाही. टेनिस खेळणारा, नीटनेटक्या कपड्यांतला, मिश्किल माणूस. जगज्जेतेपदाची वर्षे आपल्याला जडच गेली, असे त्याने पुढे सांगितले. श्रायबरने हा माणूस फार कमी शब्दांत उभा केला आहे. रशियन संवाद, गडद चष्मा, आणि आपल्याभोवतीच्या सरकारी माणसांकडे पाहण्याचा थोडा कंटाळलेला चेहरा. पडद्यावर तो येतो तेव्हा चित्रपटाचा आवाज कमी होतो, आणि बरे वाटते.

लढतीची सुरुवात आठवावी. पहिल्या डावात, ११ जुलैला, सगळे बरोबरीकडे चालले असताना फिशरच्या उंटाने कडेचे एक प्यादे मारले. स्पास्कीने लगेच शेजारचे प्यादे एक घर पुढे घेतले आणि उंटाची परतीची वाट बंद झाली. मंडळात नव्याने येणाऱ्या मुलांना शिकवतात तो सापळा. जिंकण्याची हाव असेल, हिशेब चुकला असेल. तज्ज्ञ आजही त्यावर वाद घालतात. फिशर हरला. मग त्याने चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यांवर राग काढला आणि दुसऱ्या डावाला आलाच नाही. २-० अशी आघाडी स्पास्कीकडे आली, तीही अशा माणसाविरुद्ध जो त्याला तोपर्यंत एकदाही हरवू शकला नव्हता. त्या दोघांत स्पास्कीचे तीन विजय आणि दोन बरोबऱ्या, एवढाच हिशेब होता. फिशर परत जायच्या गोष्टी करत होता. मॉस्कोहून क्रीडाखात्याचा आग्रह होता की हा अपमान सहन करू नये, जेतेपद घेऊन घरी यावे. काहीही न करता, फक्त नियमांवर बोट ठेवून, स्पास्की जगज्जेता राहू शकला असता.

फिशरची मागणी होती की तिसरा डाव मंचावर नको, मागच्या एका छोट्या खोलीत व्हावा, जी एरवी टेबल टेनिससाठी वापरली जाई. स्पास्कीने हो म्हटले. १६ जुलैला दोघे त्या खोलीत गेले, तर तिथेही एक कॅमेरा होता, कारण बाहेरच्या प्रेक्षकांना पडद्यावर डाव दाखवायचा होता. फिशर ओरडू लागला. स्पास्की उठून जाण्याच्या बेतात होता. जर्मन पंच लोथार श्मिड यांनी मग दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून त्यांना अक्षरशः खाली बसवले आणि खेळा म्हणून विनवले. एक मध्यमवयीन गृहस्थ दोन महासत्तांना खांदे धरून खुर्चीत बसवतो आहे, हे दृश्य कोणा पटकथाकाराला सुचले असते तर त्याला अतिशयोक्ती म्हणून कापले असते. अकराव्या चालीला फिशरने घोडा पटाच्या कडेला नेऊन ठेवला. पांढऱ्या उंटाने तो मारला की काळ्या राजापुढची प्याद्यांची भिंत मोडते, हे कोणालाही दिसावे. स्पास्कीने मारला, भिंत मोडली, आणि हळूहळू डावही फिशरकडे झुकत गेला. त्या काळी डाव तहकूब करताना पुढची चाल पाकिटात बंद करून ठेवत; फिशरने बंद केलेली चाल उंटाचा शह होती. दुसऱ्या दिवशी ती पाहून स्पास्कीने डाव सोडला. फिशरचा त्याच्यावरचा हा पहिला विजय. त्या खोलीत जाण्यापूर्वीचा फिशर आणि तिथून बाहेर आलेला फिशर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

स्पास्कीने हो का म्हटले? चित्रपट म्हणतो ते खेळाडूच्या अभिमानापोटी. खरे असेल. त्याला न खेळता मिळालेले गुण नको होते. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: ज्या यंत्रणेने त्याला घडवले तिचे न ऐकण्याची ती एक संधी होती. परत ये म्हणणाऱ्या क्रीडाखात्याला नकार देणे आणि फिशरला होकार देणे या एकाच निर्णयाच्या दोन बाजू होत्या. स्वतंत्र देशातून आलेला माणूस स्वतःच्या भीतीचा कैदी होता, आणि सरकारी मोटारीतून फिरणारा माणूस त्या खोलीत मोकळेपणाने वागला. चित्रपटात हा निर्णय काही मिनिटांत उरकतो, कारण त्याला सहाव्या डावाकडे पळायचे आहे.

सहाव्या डावानंतर स्पास्कीने उभे राहून प्रेक्षकांबरोबर फिशरसाठी टाळ्या वाजवल्या, हे चित्रपटात आहे आणि ते नीट आले आहे. मग्वायरचा गोंधळलेला चेहरा तिथे फार बोलका आहे. शत्रूने टाळ्या वाजवल्या तर काय करायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. पुढच्या दिवसांत मात्र सोव्हिएत गोटालाही संशयाने ग्रासले. ऑगस्टमध्ये स्पास्कीचे सहायक गेलर यांनी निवेदन काढले की अमेरिकन बाजू स्पास्कीवर इलेक्ट्रॉनिक किंवा रासायनिक साधनांनी परिणाम घडवते आहे. खुर्च्यांचे एक्स-रे काढले गेले, मंचावरचे दिवे उघडले गेले, आणि दिव्यांत दोन मेलेल्या माश्या सापडल्या. चित्रपटाने हा प्रसंग आपल्या सोयीने बसवला आहे, आणि संशय संसर्गजन्य असतो असे त्यातून दाखवले आहे. मला त्या माश्यांचे नेहमी वाईट वाटते. इतक्या मोठ्या चौकशीत हाती लागलेले पुरावे तेवढेच. १ सप्टेंबरला स्पास्कीने तहकूब झालेला एकविसावा डाव फोनवरून सोडला आणि साडेबारा-साडेआठ अशी लढत संपली.

नंतरचे आयुष्य चित्रपट काही ओळींत आणि खऱ्या फिशरच्या जुन्या चित्रफितींत आवरतो. १९७५ मध्ये फिडेने त्याच्या सगळ्या अटी मान्य केल्या नाहीत म्हणून त्याने जेतेपद सोडले आणि त्याचा सोव्हिएत आव्हानवीर कार्पोव्ह एकही चाल न खेळता जगज्जेता झाला. वीस वर्षे तो अधिकृत पटावर आलाच नाही. १९९२ मध्ये युगोस्लाव्हियावर निर्बंध असताना पन्नास लाख डॉलरसाठी तो स्पास्कीशी पुन्हा खेळायला उतरला. खेळू नये असे बजावणाऱ्या अमेरिकन सरकारच्या पत्रावर तो पत्रकारांसमोर थुंकला. त्यानंतर त्याला मायदेशी परतता आले नाही. आई ज्यू असलेल्या या माणसाने ज्यूंविषयी वर्षानुवर्षे जे बोलले ते किळसवाणे आहे, आणि ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याचे त्याने फिलिपाइन्सच्या रेडिओवर जे स्वागत केले तेही. चित्रपट हा द्वेष आजाराच्या खाती टाकतो. आजार होता, यात शंका नाही. पण आजारी माणसे सरसकट द्वेष करत नाहीत, आणि हा प्रश्न इतक्या सहज मिटवला जाऊ नये असे मला वाटते.

२००४ च्या जुलैमध्ये जपानच्या नारिता विमानतळावर फिशरला पकडले गेले आणि तो कित्येक महिने कोठडीत राहिला. तेव्हा स्पास्कीने अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना पत्र लिहिले. १९९२ मध्ये बॉबीने जो गुन्हा केला तोच मीही केला आहे, तेव्हा मलाही अटक करा, आम्हाला एकाच कोठडीत ठेवा आणि एक बुद्धिबळाचा पट द्या, असा त्याचा आशय होता. आइसलँडने २००५ मध्ये फिशरला नागरिकत्व दिले आणि १७ जानेवारी २००८ रोजी तो रेक्याविकमध्येच, चौसष्टाव्या वर्षी वारला. ज्या माणसाकडून त्याने जेतेपद हिसकावले होते, त्याच्याइतका एकनिष्ठ मित्र त्याला दुसरा मिळाला नसावा.

हा चित्रपट पुन्हा कोणी करणार असेल तर मी त्याला म्हणेन, की रेक्याविकहून मॉस्कोला परतणाऱ्या विमानापासून सुरुवात कर. तिथे उतरल्यावर स्पास्कीचे स्वागत थंड झाले आणि क्रीडाखात्याची त्याच्यावरची मर्जी उडाली. वर्षभराने, १९७३ च्या सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत, पेट्रोस्यान, कार्पोव्ह, कोर्चनॉय, ताल, स्मिस्लॉव्ह असे सगळे बसलेले असताना पहिला आला तो हाच हरलेला माणूस. १९७६ मध्ये लग्नानंतर तो फ्रान्सला गेला, पुढे फ्रान्सकडून ऑलिम्पियाड खेळला, म्हातारपणी रशियात परतला आणि २७ फेब्रुवारी २०२५ रोजी मॉस्कोत गेला. बातम्यांत पहिल्याच वाक्यात फिशरचे नाव होते. त्यातली १९७३ ची स्पर्धा आणि १९७६ चे स्थलांतर एवढ्यावरच दोन तासांचा चित्रपट होईल. त्याला पैसे कोण देईल, हे मला विचारू नये.